सियालकोटचा फुटबॉल आणि आपलं ब्लॅक बुक

जानेवारी उजाडला की आपल्या हॉस्टेलमध्ये एक ठराविक संवाद सुरू होतो. मेसच्या रांगेत, कूलरजवळ, रात्री दीड वाजता मॅगी शिजवताना. "टायटल मिळालं का रे?" "नाही. तुझं?" "सीनियरचं एक आहे, जरा नाव फिरवून टाकतो." ज्यांच्याकडे नाव फिरवायलाही काही नसतं ते शहरात जाऊन तयार प्रोजेक्ट विकत आणतात, मॉडेल, रिपोर्ट, सर्किट आणि व्हायव्हाचे प्रश्न, सगळं एका पिशवीत. आता तर रिपोर्ट लिहायलाही माणूस लागत नाही, चॅटजीपीटी रात्रीत लिहून देतो. ब्लॅक बुक बाइंड होतं, सह्या होतात, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी त्याचंच नाव फिरवतं.

मित्रांनो, हे मी चेष्टेने लिहीत नाही. आम्ही चौघांनीही गेल्या वर्षी पहिला महिना हेच केलं. मग गाइड सरांनी हाकललं: "एमआयडीसी इथून सहा किलोमीटरवर आहे. एकदा जाऊन तरी या." सरांचं पत्र घेऊन आम्ही गेलो. पहिल्या कंपनीच्या गेटवर वॉचमनने पत्र आत नेलं आणि अर्ध्या तासाने एक साहेब बाहेर आले. अतिशय सभ्यपणे म्हणाले, "सर्टिफिकेट हवंय ना? देतो. पण आत यायची गरज नाही." आम्ही परत फिरलो. गंमत म्हणजे आमच्यातल्या एकाला तो सौदा वाईट वाटला नव्हता!

त्या गेटवर उभं असताना जो प्रश्न डोक्यात आला त्याचं उत्तर शोधताना बरंच वाचायला मिळालं, त्याबद्दल हा लेख. प्रश्न साधा आहे. कॉलेज इथे, कारखाने तिथे, मधे सहा किलोमीटर. तरी दोघांची एकमेकांना ओळख का नाही? आणि जिथे ती झाली तिथे कशी झाली?

आधी एक शब्द समजून घेऊ. एम्पिरिकल रिसर्च म्हणजे प्रत्यक्ष जाऊन, बघून, मोजून केलेलं संशोधन. थिअरी सांगते की असं व्हायला हवं; हे संशोधन विचारतं, होतं का? किती? आणि नसेल तर कशामुळे? ऐकायला हे लॅबमधल्या रीडिंगसारखंच वाटतं. पण आपल्या लॅबमध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं, आपण रीडिंग उलटीकडून काढतो. (कुणी काढत नसेल तर त्याने हात वर करावा!) कारखान्यात उत्तर कुणालाच माहीत नसतं, मालकालासुद्धा नाही.

विकसनशील देशांत अशा संशोधनाची चणचण का, याचं एक कारण पैसा. सरकारी आकडेवारीप्रमाणे 2020-21 मध्ये भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.64 टक्के होता. दक्षिण कोरियाचा त्याच काळात साडेचार टक्क्यांच्या वर. पण माझ्या मते पैशापेक्षा रचना जास्त महत्त्वाची. आपल्याकडे 1942 मध्ये सीएसआयआर स्थापन झालं, 1950 मध्ये पुण्याला एनसीएल उभी राहिली, अशा प्रयोगशाळा देशभर झाल्या आणि त्यांनी मोठी कामं केली. पण त्यामुळे संशोधन एका इमारतीत आणि शिकवणं दुसऱ्या इमारतीत, अशी वाटणी होऊन गेली. आपल्यासारख्या संलग्न कॉलेजच्या वाट्याला आला सिलॅबस, परीक्षा आणि निकाल. देशाच्या संशोधन खर्चात उच्च शिक्षण संस्थांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत आहे तो यामुळेच.

आता तारापूरला चला. आपल्या पालघर जिल्ह्यातलं, बोईसर स्टेशनवर उतरून जायचं ते तारापूर. तिथे आणि गुजरातच्या हद्दीतल्या उंबरगावला सुती कापड विणणाऱ्या अनेक गिरण्या आहेत. 2008 मध्ये तिथे एक विलक्षण प्रयोग सुरू झाला. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि जॉन रॉबर्ट्स, त्यांच्याबरोबर अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेंझी आणि बेन आयफर्ट, यांना एक जुना वाद मोजून संपवायचा होता. वाद असा: गरीब देशांतले कारखाने मागे का? यंत्रं जुनी म्हणून, की कारभार ढिसाळ म्हणून? मॅनेजमेंटची पुस्तकं ढीगभर आहेत, पण "चांगल्या कारभाराने फायदा होतो" हे कुणी प्रयोग करून दाखवलं होतं का? चांगली कंपनी चांगला कारभार करते हे सगळ्यांना दिसतं. पण कारभार चांगला म्हणून कंपनी चांगली, की कंपनी श्रीमंत म्हणून तिला चांगला कारभार परवडतो?

त्यांनी औषधाची चाचणी घेतात तशी चाचणी घेतली. 17 कंपन्यांचे 20 कारखाने घेतले. त्यातले 14 कारखाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून 'उपचारा'साठी ठेवले, 6 तुलनेसाठी. सर्वांची महिनाभर तपासणी झाली. त्यानंतर 14 कारखान्यांत आणखी चार महिने सल्लागार बसले. तुलनेच्या 6 कारखान्यांत फक्त आकडे गोळा केले.

आणि सल्लागारांनी सांगितलं काय? काही थोर नव्हे. अशा 38 गोष्टींची यादी होती आणि तुम्ही-आम्ही इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात त्या पाठ करून विसरलेल्या आहेत. माग बंद पडला तर केव्हा आणि कशाने, ते लिहून ठेवा. कापडात दोष आला तर कोणत्या प्रकारचा, कोणत्या मागावर, त्याची नोंद करा. सुताच्या गोण्यांवर नाव आणि तारीख लावा. फरशी झाडा. सुटे भाग फळीवर ओळीने ठेवा. रोज सगळ्यांनी मिळून आकडे बघा. बस्स! आधीची अवस्था अशी होती की जवळजवळ एक पंचमांश कामगार केवळ विणून झालेल्या कापडातले दोष शोधून ते दुरुस्त करण्यात गुंतलेले असत. दोष मुळात येतो कुठून, हे मात्र कुणी लिहून ठेवत नव्हतं.

पहिल्याच वर्षात उपचारातल्या कारखान्यांची उत्पादकता सरासरी 17 टक्क्यांनी वाढली. दोष कमी झाले, गोदामातला साठा उतरला, माल जास्त निघाला. हा निबंध 2013 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला.

मग या मालकांनी हे आधीच का केलं नव्हतं? पैसा तर त्यांचाच वाचणार होता! उत्तर गमतीचं आहे. काही गोष्टी त्यांनी ऐकल्याच नव्हत्या. ज्या ऐकल्या होत्या त्या "आपल्याकडे चालणार नाहीत" अशी त्यांची खात्री होती. आमची क्वालिटी इतरांइतकीच आहे की, मग नोंदी कशाला? आणि इतरांची क्वालिटीही तशीच असल्यामुळे तुलना व्हायची तरी कशी! आणखी एक निष्कर्ष तर मला फार आवडला. कंपनी किती मोठी होणार हे कारभार किती चांगला यापेक्षा मालकाच्या घरात पुरुष माणसं किती, यावरून जास्त ठरत होतं. कारण बाहेरच्या मॅनेजरवर कारखाना सोपवायची हिंमत कुणाची नव्हती. घरात मुलगे, भाऊ जितके, तितके कारखाने.

संशोधक नंतर तिथेच थांबले नाहीत, हे विशेष. नऊ वर्षांनी ते पुन्हा त्याच कारखान्यांत गेले. तेव्हा शिकवलेल्या गोष्टींपैकी जवळजवळ निम्म्या सुटलेल्या होत्या. मॅनेजर बदलला, डायरेक्टरला वेळ मिळेना, आणि वही बंद पडली. तरीही तुलनेच्या कारखान्यांपेक्षा ते बरेच पुढे होते. शेजारच्या कंपन्यांत मात्र यातलं फारसं काही पसरलं नव्हतं. कुंपणापलीकडे एवढा फायदा चाललाय, याचा पत्ता नाही.

मला हे वाचताना अभिमान वाटला आणि रागही आला. अभिमान अशासाठी की जगाने वाचलेला प्रयोग आपल्या तारापुरात झाला. राग अशासाठी की हा प्रश्न विचारायला कॅलिफोर्नियातून माणसं यावी लागली. बोईसरच्या लोकलच्या टप्प्यात इंजिनिअरिंग कॉलेजं थोडीथोडकी नाहीत. तिथे दरवर्षी शेकडो ब्लॅक बुकं बाइंड होतात. फरशी झाडा आणि नोंद ठेवा हे सांगायला आणि मग त्याचा परिणाम मोजायला त्यांतला एकही ग्रुप पुरला असता. पण कुणी गेटच्या आत गेलं नाही, आणि कुणी घेतलंही नसतं.

आता सीमा ओलांडून सियालकोटला जाऊ. पाकिस्तानातल्या पंजाबातलं हे शहर. जगातले हाताने शिवलेले फुटबॉल फार मोठ्या प्रमाणात इथून जातात. 2014 च्या विश्वचषकाचा ब्राझुका बॉलही इथल्या एका कारखान्यात बनला. नेहमीचा फुटबॉल 32 तुकड्यांचा असतो: 20 षटकोन, 12 पंचकोन. कृत्रिम कातड्याच्या, म्हणजे रेक्झीनच्या, शीटवर कटर डाय ठेवतो, प्रेस खाली येतो, तुकडे निघतात. षटकोनांचं ठीक आहे, मधाच्या पोळ्यासारखे एकमेकांना चिकटून बसतात. पंचकोन मात्र बसत नाहीत. कोन 108 अंशांचा, 360 ला 108 ने पूर्ण भाग जात नाही, म्हणजे मधे फट राहणारच. ती फट म्हणजे वाया गेलेलं रेक्झीन, आणि कच्च्या मालात रेक्झीन महाग.

लाहोर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे आझम चौधरी आणि शमायला चौधरी, आणि अमेरिकेतले डेव्हिड ॲटकिन, अमित खंडेलवाल, एरिक वेरहूगन, असा हा संयुक्त गट होता. त्यांना यूट्यूबवर एका चिनी कारखान्याचा व्हिडिओ दिसला. त्यात पंचकोन वेगळ्याच पद्धतीने मांडून कापत होते. त्यावरून त्यांनी एका आर्किटेक्टच्या मदतीने चार पंचकोनांचा नवा डाय तयार केला. नंतर कळलं की ही मांडणी गणितात आधीच होती, कुपरबर्ग पितापुत्रांच्या 1990 च्या निबंधात! जागेचा सुमारे 92.1 टक्के भाग तिच्यात भरतो. यापेक्षा दाट मांडणी शक्य नाही हे हेल्स आणि कुस्नर यांनी 2016 मध्ये सिद्ध केलं. म्हणजे बघा: गणित अमेरिकेत, व्हिडिओ चीनचा, गरज सियालकोटला, आणि तिघांची गाठ घालून द्यायला एक विद्यापीठ लागलं.

हिशेब असा होता की एका शीटमधून साधारण 250 पंचकोन निघत, नव्या डायने 270 च्या आसपास निघतात. बॉलच्या एकूण खर्चात बचत एक टक्क्याच्या जवळपास. तुम्ही म्हणाल, एवढंच? पण या धंद्यात नफाच मुळात आठेक टक्के. त्यातला एक टक्का म्हणजे थोडाथोडका नव्हे.

मे 2012 मध्ये त्यांनी शहरातल्या 35 कारखान्यांना हा डाय फुकट दिला, वापरून दाखवला. मग वाट बघत बसले. पंधरा महिने झाले. फुकटचा डाय, नक्की फायदा, आणि वापरणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके!

का? मालकांना विचारलं तर म्हणाले, आमचे कटर म्हणतात हा चालत नाही. कटर असं का म्हणत होते? कारण त्यांना पगार नगावर. शंभर तुकडे कापले की अमुक पैसे. नव्या डायने हात बसेपर्यंत काम हळू होतं, म्हणजे त्या दिवसांत कमाई कमी. आणि वाचलेलं रेक्झीन कुणाचं? मालकाचं. कटरने काय म्हणून स्वतःचं नुकसान करून मालकाचा फायदा करावा? तो खोटं बोलत होता असंही म्हणता येणार नाही. त्याच्या हिशेबात तो डाय खरोखरच चालत नव्हता.

ही शंका बरोबर आहे का, हे संशोधकांनी पुन्हा प्रयोग करूनच पाहिलं. इथे मी मनातल्या मनात टोपी काढली. काही कारखान्यांत त्यांनी सांगितलं की कटरने नवा डाय नीट चालवून मालकासमोर दाखवला तर त्याला एकदाच, साधारण महिन्याच्या पगाराएवढी रक्कम आम्ही देऊ. बाकीच्या कारखान्यांत फक्त माहिती दिली. जिथे पैसे मिळाले तिथे डाय वापरण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. आणि हो, आपणहून डाय स्वीकारणाऱ्या मोजक्या कारखान्यांत जो सगळ्यात मोठा होता, तिथे कटरना नगावर नव्हे, ठराविक महिना पगार होता.

हे वाचलं तेव्हा आमचा प्रोजेक्ट निम्मा झाला होता आणि मला एकदम आमचे मामा आठवले. ती कथा सांगतो.

पहिल्या गेटवरून परत फिरल्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्हाला एका छोट्या मशीन शॉपने आत घेतलं. पत्र्याची शेड, सात-आठ मशीन्स, मालक स्वतःच टेबलावर बसून चलन फाडत होते. म्हणाले, "काय करायचं ते करा, पण मशीनला हात लावायचा नाही आणि कामगारांचा वेळ खायचा नाही." आम्ही एक सीएनसी लेथ निवडली आणि ती केव्हा बंद पडते, किती वेळ आणि कशाने, एवढंच लिहायचं ठरवलं. तारापूरच्या यादीतली पहिली ओळ, पण ते तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. चौघं आळीपाळीने. दोनशे पानी वही, एक घड्याळ.

त्या मशीनवर एक वयस्कर ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पहिला आठवडा ते आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मशीन थांबली की आम्ही विचारायचो, "काय झालं?" उत्तर एकच: "सेटिंग." वहीत पानंच्या पानं सेटिंग, सेटिंग, सेटिंग. आम्ही खूश! एवढा डेटा, सगळं कारण एक, आता सेटिंगचा वेळ कमी करायचा एक छान चॅप्टर लिहू. ग्राफसुद्धा काढला.

आठव्या दिवशी टपरीवर मामा स्वतः आमच्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "पोरांनो, एक विचारू? घड्याळ घेऊन माणूस उभा राहिला की महिन्याभरात टार्गेट वाढतं. हे मी तीन कंपन्यांत बघितलंय. तुम्ही कुणाची माणसं?"

आम्ही वही त्यांच्या हातात दिली. त्यात त्यांचं नाव कुठेच नव्हतं, फक्त मशीनचं होतं. त्यांनी शांतपणे पानं उलटली, सेटिंगची लांबच लांब रांग बघून हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः कारण सांगायला लागले. तेव्हा खरं काय ते निघालं. मशीन सर्वांत जास्त वेळ थांबत होती ती प्लग गेजसाठी! एकच गेज, तीन मशीन्समध्ये फिरणारं, आणि दुपारी इन्स्पेक्टर जेवायला गेला की त्याच्या कपाटात बंद. मामा जॉब हातात धरून उभे. विचारलं तर सांगणार काय? "गेज नाही" म्हटलं की इन्स्पेक्टरशी भांडण. "सेटिंग" म्हटलं की कुणाचंच नुकसान नाही.

म्हणजे आमचा पहिल्या आठवड्याचा ग्राफ सुबक होता, टायटलसकट, आणि पूर्ण चुकीचा होता. सियालकोटचा कटर आणि आमचे मामा, दोघांनीही विचारणाऱ्याला तेच सांगितलं जे सांगणं परवडत होतं. आपल्याला सर्व्हे म्हटलं की गूगल फॉर्म आठवतो. पाठवा, तीस जणांकडून भरून घ्या, पाय चार्ट काढा. तो फॉर्म मामांना पाठवला असता तर त्यांनी काय भरलं असतं?

मालकांना आम्ही वही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, काही बोलले नाहीत, आणि त्याच आठवड्यात दुसरं गेज आणलं. एवढाच आमचा शोध.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रिपोर्ट चाळला आणि विचारलं, "मॉडेल कुठे आहे?" आम्ही म्हटलं, सर, मॉडेल नाही, डेटा आहे. ते म्हणाले, "डेटा ठीक आहे, पण तुम्ही बनवलंत काय?" मार्क बेताचेच पडले. शेजारच्या टेबलावर दिवे लागणारं, पिशवीतून आलेलं मॉडेल होतं, त्याला जास्त पडले. जाऊ द्या. परीक्षकांचाही दोष नाही, त्यांच्या हातातल्या मार्कांच्या तक्त्यात मॉडेलचा रकाना आहे, वहीचा नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं छोटं झालं, गेज आणि फरशी. मोठं काही होतं का? होतं. ब्राझीलचं उदाहरण घ्या. पेट्रोब्रास ही तिथली सरकारी तेल कंपनी. तिचं सेनपेस हे संशोधन केंद्र 1973 पासून रिओच्या फेडरल विद्यापीठाच्या आवारातच आहे. गेट एकच, सहा किलोमीटर नाहीत! विद्यापीठाची कोपे ही इंजिनिअरिंगची पदव्युत्तर संस्था 1963 साली सुरू झालेली; तिचा पेट्रोब्रासशी करार झाला 1977 मध्ये. ब्राझीलचं तेल खोल समुद्रात. तेवढ्या खोलीसाठी तयार तंत्र बाजारात नव्हतं, म्हणून 1986 पासून कंपनीने खोल पाण्यासाठी स्वतःचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यातले अवघड प्रश्न विद्यापीठाकडे जात राहिले. पुढे तेलक्षेत्रांच्या करारांत एक कलम आलं की मोठ्या उत्पन्नाच्या क्षेत्रांतून मिळणाऱ्या ढोबळ उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्च करायचा आणि त्यातला मोठा हिस्सा विद्यापीठं व संशोधन संस्थांकडे द्यायचा. 2003 मध्ये कोपेत समुद्राच्या लाटा आणि प्रवाह निर्माण करणारा, 15 मीटर खोल टँक सुरू झाला. तिथला एमटेकचा मुलगा खऱ्या प्लॅटफॉर्मच्या प्रतिकृतीवर काम करतो, कारण प्लॅटफॉर्मचा मालक त्याच बेटावर बसतो.

हे कलम मला महत्त्वाचं वाटतं. नुसत्या सदिच्छेवर कंपनी विद्यापीठाकडे येत नाही. आपल्याकडे एमओयूवर सह्या होतात, फोटो निघतो, पुढच्या एनबीए व्हिजिटला फाइल दाखवतात आणि फाइल कपाटात जाते. आमच्या गेजसारखीच! मद्रास आयआयटीने यावर वेगळा उपाय काढला. 2010 मध्ये त्यांचं रिसर्च पार्क सुरू झालं. तिथे जागा घेणाऱ्या कंपनीने केवळ भाडं भरून भागत नाही, तिला क्रेडिट मिळवावी लागतात: प्राध्यापकांबरोबर प्रोजेक्ट कर, विद्यार्थ्यांना कामावर घे. आपण सेमिस्टरची क्रेडिट मोजतो, तिथे कंपनीची मोजतात.

या पार्कच्या मागेही एक जुनी गोष्ट आहे. 1990 च्या दशकात प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या टेनेट गटाने, माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या मिडास कंपनीबरोबर, कॉर-डेक्ट नावाची बिनतारी टेलिफोन यंत्रणा तयार केली. चिपसाठी ॲनालॉग डिव्हायसेस ही कंपनी बरोबर होती. खेड्यापर्यंत तांब्याची तार ओढणं परवडत नाही, तर शेवटचा टप्पा बिनतारी करू, अशी कल्पना. ती चालली, परदेशातही गेली, आणि मग मोबाइल इतका स्वस्त झाला की कॉर-डेक्ट मागे पडलं. पण त्या कामातून तयार झालेली माणसं आणि कंपन्या राहिल्या.

आपल्या मुंबईतलं माटुंग्याचं यूडीसीटी (2008 पासून आयसीटी, अभिमत विद्यापीठ) हेही विसरू नका. 1933 ची स्थापना. प्रा. मनमोहन शर्मांसारखे शिक्षक तिथे वर्गात शिकवत आणि उद्योगांना सल्लाही देत. रासायनिक विक्रियेत वायू आणि द्रव एकमेकांत कसे मिसळतात यावरचं त्यांचं काम आणि कारखान्यातला रिॲक्टर यांत अंतर फार नव्हतं. डॉ. रघुनाथ माशेलकर त्यांचेच विद्यार्थी.

या ठिकाणी काय जमलं आणि आपल्याकडे का अडतं, याबद्दल माझं मत थोडक्यात सांगतो, स्टाफरूममध्ये कुणाला पटणार नाही तरी. कंपनीला उत्तर पुढच्या डिस्पॅचच्या आत हवं असतं, आपलं सबमिशन एप्रिलमध्ये. सरांना प्रमोशनसाठी पेपर लागतो, मामांच्या गेजवर पेपर छापून येत नाही. मालकाला भीती की पोरं ड्रॉइंग बाहेर नेतील. ती भीती खोटी नाही, आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी मशीनबरोबर सेल्फी काढला होता. आणि आपल्याला, खरं सांगायचं तर, उकडणाऱ्या शेडमध्ये आठ तास उभं राहून वही लिहिण्यापेक्षा पिशवी आणणं सोपं.

यातल्या काही गोष्टी आपल्या हातात नाहीत, एक-दोन आहेत. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये मुंबई आयआयटीच्या पुढाकाराने उन्नत महाराष्ट्र अभियान आणलं, त्यात आपल्यासारख्या कॉलेजांनी तालुक्यातले पाण्याचे, एसटीचे, बंधाऱ्यांचे प्रश्न प्रोजेक्ट म्हणून घ्यावेत अशी सोय आहे. विभागात विचारा. दुसरी गोष्ट वहीची. आमची वही आम्ही ब्लॅक बुकमध्ये घालून संपवली नाही. एचओडी सरांच्या परवानगीने ती डिपार्टमेंट लायब्ररीत ठेवली आहे, सेटिंगच्या चुकीच्या पानांसकट. यंदा थर्ड इयरच्या तिघी तीच वही पुढे चालवत आहेत. त्याच शेडमधली दुसरी मशीन, तोच फॉर्म, फक्त पहिल्या दिवशी घड्याळ काढायच्या आधी ऑपरेटरला वही दाखवायची, एवढा बदल. दुसरं गेज आल्यावर पहिल्या मशीनचं थांबणं खरंच किती कमी झालं, की इन्स्पेक्टरने तेही कपाटात ठेवलं, हेही त्या बघणार आहेत.

हॉस्टेलमध्ये इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीची बरीच मुलं-मुली आहेत. कित्येकांच्या घरी माग आहेत, कुणाकडे आठ, कुणाकडे चोवीस. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एकच माग निवडा आणि तो केव्हा थांबतो ते दहा दिवस लिहून आणा. तिथे गेटवर पत्र दाखवावं लागणार नाही. फॉर्मच्या कोऱ्या प्रती प्रॉडक्शनच्या वर्कशॉपमध्ये, ड्रिलिंग मशीनशेजारच्या खणात ठेवल्या आहेत. संपल्या तर झेरॉक्सवाल्याकडे मास्टर कॉपी आहे.